पत्रेवाल्याची शिडी

मुकादमाने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं हलवली. एक ट्रक, चार हमाल, दोऱ्या, जुनी पांघरुणं आणि चिकटपट्टीची भेंडोळी एवढ्या भांडवलावर त्याने निम्म्या शहराचं इकडचं तिकडे केलं असेल. खरं नाव त्याला होतं, पण ते आता फक्त लाईटच्या बिलावर उरलं होतं. हमाल त्याला मुकादम म्हणत, गिऱ्हाइकं मुकादम म्हणत, आणि रागावली की बायकोसुद्धा मुकादमच म्हणे.

इतकी वर्षं लोकांची कपाटं उतरवून त्याला माणसं कळायला लागली होती, निदान त्याचा तसा समज होता. घर सोडणारे सगळे जागा लहान पडते म्हणून सांगतात. मुकादम मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, जागा नाही बाबा, शेजार लहान पडला. त्याचा आणखी एक सिद्धांत होता, तो शेवटच्या खोक्याचा. प्रत्येक घरातून एक खोकं असं निघतं, की त्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. कुठेच न बसणारं सगळं त्यात कोंबलेलं असतं. नव्या घरी ते खोकं महिन्या-दोन महिन्यांत फुटलं, तर माणसं तिथे रुजली. कॉटखाली तसंच पडून राहिलं, तर गिऱ्हाइकाचा नंबर जपून ठेवावा, कारण ती माणसं पुन्हा हलणार. हा सिद्धांत त्याने हमालांना, गिऱ्हाइकांना आणि बायकोला इतक्या वेळा ऐकवला होता, की तो सुरू झाला की हमाल विडी ओढायला बाहेर जात.

असा हा माणूस स्वतः मात्र लग्न झाल्यापासून एकाच गल्लीत राहत होता आणि रोज त्या गल्लीला शिव्या घालत होता. समोर पत्रेवाल्याचं दुकान. तो पत्र्याच्या पेट्या आणि डबे ठोकायचा, सकाळी शटर वर गेलं की ठणठण सुरू. पावाची गाडी पहाटे उलटी आत यायची. गटाराचं झाकण कोणीतरी पळवलेलं. मुकादम खिडकीत जुनी उशी टाकून बसायचा आणि एकेकाचा समाचार घ्यायचा. पत्रेवाल्याशी तर त्याचं वीसेक वर्षांचं भांडण होतं, आणि त्यातलं अर्धं भांडण एका शिडीवरून होतं. दुकानात जागा नाही म्हणून पत्रेवाला आपली लाकडी शिडी मुकादमाच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. "उचल तुझी शिडी," मुकादम वरून ओरडायचा. "उचलतो," पत्रेवाला खालून म्हणायचा. शिडी तिथेच राहायची, आणि मुकादमाला माळ्यावरचं काही काढायचं असलं की तो गुपचूप तीच वर आणायचा.

रोज संध्याकाळी खिडकी बंद करताना तो बायकोला विचारायचा, "ही काय राहायची जागा आहे?" बायको भाजी निवडत असायची, नाहीतर घड्या घालत. ती "हं" म्हणायची. वर्षानुवर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर. मुकादमाला वाटायचं, बायकोचं बरं आहे, तिला कशाचा त्रास नाही. तिला गल्ली मानवली आहे.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत राहायची. तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एक छोटा फ्लॅट भाड्याने मिळत होता. मुकादमाने ते ऐकलं आणि विसरून गेला. संध्याकाळी त्याने खिडकी लावली, उशी झटकली, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि बायको म्हणाली, "नाही. मी लेकीला हो म्हणून कळवलंय."

मुकादम खालीच बसला. कोणाला विचारून कळवलं, असं त्याने विचारलं.

"तुम्हालाच," बायको म्हणाली. "रोज विचारत होतात ना, ही काय राहायची जागा आहे. आज उत्तर दिलं."

त्या रात्रीपासून मुकादमाला गल्लीचे गुण दिसायला लागले. पावाच्या गाडीने सकाळी जाग येते, घड्याळ लावावं लागत नाही. पत्र्याचा आवाज काय, सवयीचा. गटार तर आता वाहतंसुद्धा. बायको ऐकून घेत होती आणि भांडी कागदात गुंडाळत होती. शेवटी त्याने हुकमाचा पत्ता काढला. म्हणाला, तुला इथे काय कमी आहे, सगळी गल्ली तुला ओळखते.

बायकोने हातातला पेला खाली ठेवला. ती आवाज चढवणाऱ्यातली नव्हती, त्या दिवशीही तिने चढवला नाही.

"शिंपीणबाई गेली," ती म्हणाली. "वरची नर्स गेली. खालच्या आजी लेकाकडे गेल्या. दुपारी मी ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यातलं आता कोणी नाही. आणि त्या सगळ्यांचं सामान तुम्हीच नेलंत. दर वेळी घरी येऊन मला सांगितलंत, एक कपसुद्धा फुटला नाही म्हणून."

ते खरं होतं. शिंपीणबाईचं मशीन त्याने स्वतःच्या पाठीवर उतरवलं होतं, आणि त्या रात्री बायको जेवली नाही ते त्याला आठवलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, पोट बिघडलं असेल.

"तुम्हाला भांडायला तरी आहे कोणी," बायको म्हणाली आणि पुन्हा पेला उचलला.

मुकादमाने मग स्वतःचं घर हलवलं. दुसऱ्याच्या घरात एक चक्कर मारून ट्रक केवढा लागेल ते सांगणारा हा माणूस स्वतःच्या घराच्या बाबतीत पार चुकला. एका खेपेत होईल म्हणाला होता, तर माळ्याने जे ओकलं ते पाहून हमाल हसायला लागले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत. दुसरी खेप भरताना त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जे भिंतीला लागून दिसेल ते चढवत होता. एका लांबट वस्तूबद्दल हमालांनीही विचारलं नाही, कारण तिला ते वर्षानुवर्षं त्याच भिंतीला पाहत आले होते. दोरी मुकादमाने स्वतःच्या हाताने आवळली. नव्या इमारतीच्या दारात ट्रकचं फळकूट पडलं तेव्हा सगळ्यात वर पत्रेवाल्याची शिडी होती.

आयुष्यात कोणाचा चमचाही इकडचा तिकडे न करणाऱ्या मुकादमाने शेजाऱ्याची शिडी पळवून आणली होती. बायको पदर तोंडाला लावून हसली. उद्या नेऊन देतो, असं तो म्हणाला.

उद्या काही उजाडेना. तोवर शिडी बाल्कनीत आडवी पडली आणि मुकादम तिच्याशेजारी उभा राहून नव्या वसाहतीत खोड शोधत बसला. खोड सापडेना. रस्ता रुंद, कचऱ्याच्या डब्यांना झाकणं, झाडांना आळी. पाणी चोवीस तास. गाड्या आखलेल्या चौकोनात उभ्या. शेजारची दारं बंद, आणि उघडली तरी आतली माणसं हसून "नमस्कार" म्हणून पुन्हा बंद करायची. मुकादमाने एकदा वरच्या मजल्यावरून पाणी ठिबकतं म्हणून तक्रार केली, तर वरचा तरुण लगेच खाली आला, माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत नळ बदलून घेतला. मुकादमाच्या अंगाचा तिळपापड झाला. भांडायला गेलेल्या माणसाला असं रिकाम्या हाताने परत पाठवतात का?

त्याला झोप लागेना. दिवसा तो हमालांवर खेकसायचा. ट्रक कुठूनही कुठे जायचा असला तरी वाट वाकडी करून जुन्या गल्लीच्या तोंडावरून न्यायचा. आत वळायचा नाही, नुसता वेग कमी करायचा. हमाल एकमेकांकडे बघायचे. एकाने विचारलं, मुकादम, काही राहिलंय का तिथे? मुकादम म्हणाला, डिझेलचा वास येतोय का बघ, आणि विषय संपवला.

बायकोचं मात्र वेगळंच सुरू झालं होतं. सकाळी ती लेकीबरोबर बागेत जायची. तिथे तिला एक बाई भेटली, लोकर विणणारी, बडबडी. दुपारी ती बाई घरी यायची, नाहीतर ही तिच्याकडे जायची. बायको संध्याकाळी जेवताना बोलायची, कोणाचा मुलगा काय शिकतो, कोणाची सून कशी. इतकी वर्षं ती "हं" एवढंच का म्हणत होती ते मुकादमाला आता कळलं. तिच्याजवळ सांगायला काही नव्हतं. हे कळूनही त्याला बरं वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याची त्याला लाज वाटत होती.

कॉटखाली एक खोकं होतं. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. बायको रोज केर काढताना झाडू त्याच्या भोवतीने फिरवायची. ती एका शब्दाने बोलली नाही, पण तो सिद्धांत तिला पाठ होता.

एका संध्याकाळी तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

"जुनी जागा अजून रिकामीच आहे," ती म्हणाली. "मी घरमालकाला फोन केला होता. रविवारपर्यंत कळवलं तर आपल्याला परत देईल."

मुकादमाचा घास हातातच राहिला. तू कशाला फोन केलास, असं त्याने विचारलं.

"तुम्ही जेवताना ताटाकडे बघता, नाहीतर खिडकीकडे बघता. माझ्याकडे बघत नाही. असं माणूस समोर बसलेलं मला नको आहे. तुम्हाला इथे जमत नसेल तर मी येते परत. मनातून येणार नाही, खोटं कशाला बोलू. पण येईन."

आणि मुकादमाला काय झालं असेल? सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा धोंडा कोणी उचलावा तसं. मग बायकोचा चेहरा दिसला आणि त्या सुटकेची त्याला इतकी शरम वाटली, की त्याने मान खाली घालून उरलेलं जेवण संपवलं. रविवारी शिडी द्यायला जातोच आहे, तेव्हा घरमालकाशी बोलून येतो, असं तो म्हणाला. बायको "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला उठली. दुसऱ्या दिवशी ती बागेतून लवकर परत आली. लोकरवाली बाई दुपारी आली तेव्हा बायकोने तिला तिची विणायची सुई परत दिली. अर्धवट विणलेलं काहीतरी तिने कपाटात खाली, कपड्यांच्या मागे ठेवलं. मुकादमाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

रविवारी सकाळी त्याने शिडी ट्रकवर चढवली आणि एकटाच निघाला. यावेळी गल्लीत वळला. काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. आधी पत्रेवाल्याने चोर म्हणायच्या आत आपणच आवाज चढवायचा, की इतकी वर्षं माझ्या भिंतीला फुकट टेकवलीस, त्याचं भाडं समज. मग जरा वेळ जुंपेल. मग घरमालक.

पण गल्लीत आवाजच नव्हता. रविवार असो की सुट्टी, पत्रेवाल्याची ठणठण कधी थांबायची नाही. आज शटर वर होतं आणि पत्रेवाला दारात एका पालथ्या डब्यावर बसून चहा पीत होता. त्याच्या मागे दुकानातले साचे, हातोड्या, पत्र्याच्या गुंडाळ्या पोत्यांत भरून ठेवल्या होत्या.

"या मुकादम," तो म्हणाला. "तुमच्याकडेच येणार होतो. ट्रक पाहिजे."

मुकादमाने शिडी खांद्यावर घेतली होती ती तशीच राहिली. कोणाला पाहिजे, असं त्याने विचारलं.

पत्रेवाल्याने सांगितलं, की शहराबाहेर कारखान्यांच्या शेड झाल्या आहेत, तिथे एक घेतली, राहायलाही तिकडेच चाललो. गल्लीत आता मन लागत नाही. मुकादम चिडला. म्हणाला, मी वीस वर्षं बोंब मारली तेव्हा तू तसूभर हलला नाहीस, आणि मी गेल्यावर निघालास?

"तेच तर," पत्रेवाला म्हणाला. "तुम्ही ओरडायचात तेव्हा मला माझा आवाज ऐकूच यायचा नाही. तुम्हाला काय उत्तर द्यायचं त्यातच दिवस जायचा. आता हातोडा मारला की वर बघतो. खिडकी बंद. मग तो ठणठणाट मलाच ऐकू येतो. डोकं उठतं हो. तुम्ही कशी काढलीत इतकी वर्षं?"

तो हे चेष्टेने बोलत नव्हता. मुकादमाने मान वर करून आपली खिडकी पाहिली. काच धुळीने भरली होती. आत एक खोली होती, ओल आलेली भिंत होती, चौकट होती. ज्याच्यासाठी तो परत येणार होता ते सगळं खाली डब्यावर बसून चहा पीत होतं, आणि तेही चाललं होतं. वर जाऊन खिडकीत उशी टाकून बसलो असतो तर कोणावर ओरडलो असतो, हे त्याला कळेना. आणि आत बायको बसली असती, कोणाशीही न बोलता, घड्या घालत. या वेळी तिला तिथे त्यानेच आणून बसवलं असतं.

त्याला अचानक रडूच यायला लागलं. तसं दाखवायची सोय नव्हती, म्हणून तो पत्रेवाल्यावर ओरडला, की पोती अशी भरतात का, हातोड्या खाली घाल, साचे वर, नाहीतर वाटेतच सगळं चेपेल. पत्रेवाल्याने लगेच उलट उत्तर दिलं, की माझे साचे मला माहीत. दोघांचं थोडा वेळ छान जुंपलं. पावाचं दुकान लावणाऱ्या माणसाने बाहेर येऊन पाहिलं आणि बरं वाटून आत गेला.

मग मुकादम गल्लीच्या टोकाला घरमालकाकडे गेला. घरमालकाने दार उघडून काय ठरलं म्हणून विचारलं.

"दुसऱ्याला द्या," मुकादम म्हणाला. "पण आधी स्वयंपाकघराची भिंत बघून घ्या. ओल आहे. माझ्या बायकोने त्या भिंतीपाशी फार वर्षं काढली."

परत येऊन त्याने शिडी पत्रेवाल्याच्या दाराशी टेकवली, तर पत्रेवाला ती घेईना. शेडचं छप्पर फार उंच आहे, ही तिथे कामाची नाही, तुम्हीच ठेवा म्हणाला. "इतकी वर्षं तुमच्याच भिंतीला होती, आता तुमचीच म्हणायची." मुकादमाने पुष्कळ आढेवेढे घेतले, मला कशाला ही ब्याद म्हणाला, आणि शिडी ट्रकवर चढवली. दोरी आवळायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. बाल्कनीत बायकोचे कपडे वाळत होते, तिथे शिडीला जागा नव्हती. म्हणून त्याने ती जिन्यात, आपल्या दाराबाहेरच्या भिंतीला टेकवली आणि घाम पुसला. चार पायऱ्या खाली कोणीतरी खाकरलं.

तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. जिन्यातल्या सूचना त्यांच्या हस्ताक्षरात होत्या: चपला बाहेर काढू नयेत, दिवे मालवावेत, मोठ्याने बोलू नये. मुकादमाने त्या रोज वाचल्या होत्या, पण लिहिणारा माणूस आज पहिल्यांदा समोर आला होता. उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला.

"जिन्यात शिडी ठेवता येणार नाही," हेडमास्तर म्हणाले.

मुकादमाच्या अंगात एकदम ऊब आली. त्याने बाह्या वर केल्या.

"का?" तो म्हणाला. "जिना तुमच्या तीर्थरूपांचा आहे का?"

पुढचं सगळं सांगत बसलो तर पान पुरायचं नाही. हेडमास्तरांनी नियम सांगितला, मुकादमाने नियम कोणी केला विचारलं. हेडमास्तर म्हणाले मीच केला, मुकादम म्हणाला मग मोडायला मी आहे. हेडमास्तरांनी शिस्तीचा उद्धार केला, मुकादमाने त्यांच्या तळमजल्यावरच्या कुंड्यांचा, ज्या निम्मा रस्ता अडवतात. हेडमास्तर गोरेमोरे झाले, मग तेही तापले, आणि तापल्यावर त्यांचा आवाज चांगलाच खणखणीत निघाला. माणूस मुरलेला होता. एकेक करून दारं उघडली. वरचा नळवाला तरुण, समोरचे नवराबायको, कोणाची तरी म्हातारी आई, सगळी जिन्यात आली. म्हातारी म्हणाली, शिडी राहू दे बाई, वरचा दिवा कधीचा गेलाय. हेडमास्तरांनी तिलाही नियम सांगितला. मुकादमाने पहिल्यांदाच या सगळ्यांचे चेहरे नीट पाहिले.

त्या गलक्यातही त्याला घरातून एक आवाज ऐकू आला. चिकटपट्टी फाडल्याचा. तो आवाज त्याने जन्मभर ऐकला होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. तो बोलता बोलता थांबला. हेडमास्तरांना वाटलं आपण जिंकलो, आणि शिडी उद्यापर्यंत हलली पाहिजे असं सांगून ते खाली गेले.

"उद्या बघू," मुकादम त्यांच्या पाठीमागे ओरडला.

आत कॉटखालून खोकं बाहेर आलं होतं. बायको खाली बसून एकेक वस्तू काढत होती: गंजलेली कडी, दाराची घंटा, तुटका टॉर्च, कसल्या तरी किल्ल्या. सगळ्यात खाली खिडकीतली जुनी उशी होती. तिने ती झटकली, जिन्याकडच्या खिडकीत नेऊन ठेवली आणि हाताने दाबून सारखी केली. घरमालक काय म्हणाला, हे तिने विचारलं नाही. कपाटातलं विणकाम पुन्हा टेबलावर आलं होतं.

मुकादम उशीवर बसला. खिडकीतून शिडीचं वरचं टोक दिसत होतं आणि खालून हेडमास्तर कोणाला तरी घडलेला प्रकार सांगत होते तो आवाज येत होता. त्याने थोडा वेळ ऐकलं. मग खिडकीकडे पाठ केली आणि बायकोकडे बघत विचारलं, "ही काय राहायची जागा आहे?"

बायकोने विणकाम उचललं.

"आहे," ती म्हणाली.